चिकपेटच्या बाकावरचे दोन तास

बावीस वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या भावाने, अण्णांनी, भांडणाच्या भरात माझी ट्रंक घराबाहेर ठेवली. ही गोष्ट मी भेटेल त्याला ऐकवत आलो आहे. चिकपेटमध्ये साड्यांचं घाऊक दुकान मी एकट्याने उभं केलं, ते कसं हे सांगताना सुरुवात त्या ट्रंकेपासूनच करतो. पुढची गोष्ट मात्र मी कुणाला सांगितली नव्हती.

गेल्या महिन्यात अण्णा मुलीच्या लग्नाची पत्रिका घेऊन दुकानात आले. मी त्यांना दाराजवळच्या बाकावर बसवलं आणि गिऱ्हाइकांशी घासाघीस करत राहिलो. तब्बल दोन तास. मिटलेले सौदेसुद्धा मुद्दाम उकरून काढले. शेवटी गादीवरून न उठता म्हणालो, "ठेवा तिथं."

रविवारी सकाळी महादेवपुऱ्यात आम्ही चार मराठी घरं पोथी वाचायला जमतो. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक इंजिनियर काका अर्थ सांगतात. पोथीतली सगळी माणसं आपल्याच आत राहतात, असं ते मानतात. म्हणून त्यांचा नियम असा, की ज्याने अध्याय वाचला त्याने तो एकेका पात्राच्या तोंडून, 'मी' म्हणत सांगायचा.

त्या रविवारी, राजा सख्ख्या भावाला वेशीबाहेर ताटकळत ठेवतो, तो अध्याय होता. पाळी दुसऱ्याची होती. मी हुज्जत घालून ती मिळवली. मला माझी ट्रंक पुन्हा एकदा चारचौघांत मांडायची होती.

"मी वेशीबाहेर उभा आहे," मी सुरू केलं, आणि भावाचं दुःख असं रंगवलं की एक काकू डोळे पुसू लागल्या.

"छान. आता राजा व्हा," काका म्हणाले.

"राजा कशाला? अन्याय तर भावावर झालाय!"

"इथं भाव करायचा नाही, शेठ. हे चिकपेट नव्हे."

सगळे हसले. मी चिडूनच बोलू लागलो, "मी राजा आहे. बाहेर कोण आहे ते मला ठाऊक आहे. तरी मी..."

डोळ्यांपुढे गुडघ्यांवर पत्रिका धरून बसलेले अण्णा दिसत होते. लाजेने कान तापले. वाटलं, या राजाला आत्ताच्या आत्ता हाकलून द्यावं.

काका हळूच म्हणाले, "त्यालाही वेशीबाहेर काढू नका. तोही तुमचाच आहे. त्याच्यापाशी जरा बसा."

दुसऱ्या दिवशी होसकोट्याला अण्णांच्या घरी गेलो. वहिनींनी दार उघडलं. "भावोजी, स्वल्प थांबा हं. पूजा चाललीय त्यांची."

व्हरांड्यात बसलो. दहाच मिनिटांत डोकं तापू लागलं, आणि त्याचीही लाज वाटली. उठलो नाही.

अण्णा बाहेर आले तसं मी म्हणून टाकलं, "त्या दिवशी मी तुम्हाला मुद्दाम बसवून ठेवलं."

"ठाऊक आहे," अण्णा म्हणाले. "मीही मुद्दामच बसून राहिलो. ती ट्रंक आठवत."

मी मान वर करू शकलो नाही. ते शेजारी येऊन बसले.