तिठ्यावर ठेवलेला भात

गावातल्या एका सुनेचा नवरा ट्रकवर होता. तो एड्सने गेला, आणि तोच आजार तिलाही लागलेला निघाला. सासरच्यांनी तिला गावाबाहेर, तिठ्याजवळच्या खोपीत नेऊन ठेवलं. दोन हजार सालानंतरचा उन्हाळा होता. गावात ख्रिस्ती घर आमचं एकच. भुकेल्याला घास द्यावा, हे मला लहानपणापासून पाठ. मग मी बसते होय गप्प?

रोज दुपारी बाराला मी पत्रावळ घेऊन निघायचे. हळदीचा भात, ताकदीला उकडलेलं अंडं, चवीला लिंबाची फोड. खोपीच्या दहा पावलं अलीकडे तिठ्यावर एक दगड होता, त्यावर ठेवायचं आणि मागे न बघता परतायचं. खोपीच्या दाराला लावलेलं पोतं हलायचं, वारा नसतानाही. दुसऱ्या दिवशी पत्रावळ चाटूनपुसून साफ. रविवारी तालुक्याच्या चर्चमध्ये प्रार्थनेत मी सगळ्यांपुढे साक्षही दिली, की ती पोटभर जेवते.

गाव मात्र बदलत गेलं. मी हापशावर दिसले की बाया अर्धी घागर घेऊन निघायच्या. शेजारणीने मला बघून लेकरू पदराआड घेतलं. भर उन्हात अंगावर काटा यायचा.

आठव्या दिवशी पत्रावळ ठेवली आणि खोपीतून बारीक आवाज आला, "बाई, माझ्यावर काहून करणी करून राहिल्या? मी तं मेलेलीच हाय."

"मी काय केलं?"

"ह्यो उतारा. रोज ठिवता, मागं बघत न्हाई. कुत्रे खातेत, मी बघत राहते."

आमच्या घरात उतारा नसतो, म्हणून माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. बाधा उतरवायला तिठ्यावर हेच ठेवतात: पिवळा भात, अंडं, लिंबू. उपाशी मेलं तरी माणूस त्याला शिवत नाही. गाव मला का टाळत होतं, तेही तेव्हा कळलं. सासूने फेकलेल्या शिळ्या तुकड्यांवर ती जगत होती, आणि समोर माझा भात.

लाज वाटली. त्याहून वाईट म्हणजे, दहा पावलं अलीकडे मी का थांबायचे ते मला ठाऊक होतं. सोबत जेवल्याने हा आजार लागत नाही, असं दवाखान्यात मला बजावून सांगितलं होतं. तरी प्रभूचं नाव घेत मीही तिला गावाबाहेरच ठेवलं होतं.

पत्रावळ उचलून आत गेले, तिच्याजवळ मांडी घालून बसले. "तुझ्यासाठीच आणलंय. जेव."

तिने घास उचलला आणि माझ्या तोंडापुढे धरला. "आदी तुमी."

मी क्षणभर थांबले. तिने ते पाहिलं. मग मी तोंड उघडलं. घास गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली, आणि मग जेवायला लागली.