गुलाबी पत्रकातला पाचवा मुद्दा

उदगीरच्या देगलूर रोडवरचे मन्मथआप्पा मिस्त्री यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगते. ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं त्या उन्हाळ्यात, एका मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता, बसस्टँडसमोर, गुलाबी कागदाच्या हजार प्रतींतून. करणारी मी. पत्रकाच्या खाली नाव माझंच आहे, त्यामुळे नाकारायची सोय नाही. नाकारायचंही नाही.

तेव्हा मी तेवीस वर्षांची होते आणि उदगीर जिल्हा झाला पाहिजे या मागणीसाठी गावोगाव फिरत होते. साधा एक दाखला काढायला माणसानं दिवस मोडून लातूरला का जावं, हा माझा सवाल होता. आजही आहे. आमच्या एका हितचिंतकानं फिरायला त्याची जुनी पांढरी सात सीटची डिझेल गाडी दिली. गाडीवर गफूरभाई ड्रायव्हर. पहिल्याच आठवड्यात आम्ही सर्व्हिसिंगसाठी आप्पांच्या गॅरेजपुढे धुरळा उडवत येऊन थांबलो. गफूरभाईंचा हात किल्लीकडे गेला आणि शेडमधून गर्जना आली, "निल्लप्पा!"

कानडीत त्याचा अर्थ, थांब रे बाबा. शेडमधून साठीचा एक किडकिडीत माणूस बाहेर आला. कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि त्यांच्याखाली चौथा, तेलाचा, काळा. तो खिडकीशी येऊन नुसता उभा राहिला. इंजिन चालू. मी घड्याळ बघतेय. शेवटी मी म्हणाले, "काका, लोकांनी दिलेलं डिझेल आहे हे. उगाच जाळताय!"

"अक्का," ते शांतपणे म्हणाले. वयानं मी त्यांच्या नातीएवढी. पण ते मला शेवटपर्यंत अक्काच म्हणाले. "पहिलवान कुस्ती करून आला तर त्याला लगेच आडवं करतेत का? जरा फिरवतेत, दम जिरू देतेत. ह्या गाडीत टर्बो हाय. हां, गफूर, आता कर बंद."

मग त्यांनी बॉनेट उघडलं. त्याआधी गळ्यातलं इष्टलिंग बनियनच्या आत सारलं. ते कधी चुकायचं नाही. टर्बो म्हणजे काय, हे मला कुठल्या पुस्तकानं सांगितलं असतं तर मी झोपले असते. आप्पांनी शेडमधला एक मोडका टर्बो माझ्या हातात ठेवला. गोगलगाईच्या शंखासारखी दोन लोखंडी घरं, मध्ये बोटाएवढा दांडा, दांड्याच्या दोन टोकांना दोन छोटी चक्रं.

"इंजिनाचा धूर वाया जायाचा ना? तो ह्या चक्राला ढकलतो. हे फिरलं की दांड्याच्या दुसऱ्या टोकाचं बी फिरतं. ते बाहेरची हवा वढतं आन् इंजिनात कोंबतं. हवा जास्त, मग डिझेल जास्त जळतं, गाडी पळती. मिनिटाला लाखाच्या वर गिरक्या मारतो ह्यो दांडा. कशावर? तेलाच्या पापुद्र्यावर. तुम्ही पळत आलात आन् खटकन किल्ली फिरवली, तर तेल थांबलं. दांडा मात्र तापलेलाच, फिरतच हाय. तिथलं तेल करपतं. करपलं की कोळसा. कोळसा झाला की चार-सहा महिन्यांनी तुम्ही माझ्याकडं येऊन म्हणता, आप्पा, गाडीत दम न्हाई. गाडीत व्हता. तुमच्यात न्हाई, मिनिटभर बसायचा."

आप्पांचे नियम थोडे होते आणि ते कुणालाही सवलत देत नसत. सकाळी चालू केल्या केल्या ॲक्सिलरेटर दाबायचा नाही. तेल वरपर्यंत पोचू द्यायचं. तेल कंपनीनं सांगितलंय तेच, आणि वेळेवर. हवेच्या फिल्टरची जाळी दुष्काळात दर पंधरा दिवसांनी काढून आतून बाहेर हवा मारायची, बाहेरून आत नाही. "धूळ बाहेर घालवायची का आत ठोकायची?" डिझेल फिल्टरच्या बुडाशी साचलेलं पाणी खालची चावी सैल करून सोडून द्यायचं. हे पाणी पहिल्यांदा वाटीत पडताना बघून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. "बघा अक्का, सगळा मुलूख पाण्याला तरसतोय, आन् हितं डिझेलातून पाणी निघतंय! लिहा तुमच्या पत्रकात!"

पाण्यावरूनच आमचं पहिलं भांडण झालं. शेडच्या कोपऱ्यात शुद्ध पाण्याचे चार कॅन झाकून ठेवलेले मी पाहिले. बाहेर टँकरच्या मागे घागरी घेऊन बाया पळत होत्या. माझं डोकं फिरलं. "माणसाला पाणी नाही आणि गाडीला शुद्ध पाणी? लाज वाटते का?"

आप्पांनी एका कॅनमधून ग्लास भरला आणि पुढे केला. "पी."

प्यायले. चवच नव्हती. पाणी प्यायल्यासारखंच वाटेना.

"क्षार न्हाईत त्याच्यात. बॅटरीत आन् कूलंटमधी घालायचं पाणी. तुमच्या बोअरचं पाणी रेडिएटरात घातलं तर आत नुसतं चुन्याचं घर व्हतं, मग इंजिन उकळतं. हे चार कॅन मी फाल्गुनात आणलेत, अजून दोन भरलेलेच हायत. ह्याच्यावर गावची तहान भागती का, सांग." मी ते वहीत टिपून घेतलं. पण पटलं म्हणून नाही. पुढं कधीतरी वापरू, म्हणून.

मग आम्ही नांदेडकडे दौरा काढला. विष्णुपुरीला इंजिनिअरिंगच्या मुलांपुढे मी तासभर बोलले, मुलांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. तिथून उमरी. रस्ता उखडलेला, पुढच्या टँकरची माती आमच्या तोंडावर. आम्ही सगळ्यांनी नाकातोंडाला उपरणी बांधली, पांढरी, त्यावर लाल अक्षरांत 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'. उमरीत गफूरभाई नमाजाला गेले आणि मी एकटी गाडीपाशी उरले. आप्पांचं एक वाक्य आठवलं, "इंजिनाला बी नाक असतं अक्का." मनात आलं, आपण नाक बांधलंय आणि ही बिचारी उघड्या नाकानं धूळ खातेय. फिल्टरचा डबा उघडायचा कसा हे मी पाहिलं होतं. चार क्लिपा. माझ्याजवळचं त्यातलंच एक नवं, जाड उपरणं दुहेरी घडी करून मी जाळीभोवती आवळून गुंडाळलं आणि डबा बंद केला. फार समाधान वाटलं. कुणाला सांगितलंही नाही. सत्कर्म सांगायचं नसतं.

नंतरच्या सोमवारी अकरा वाजता लातूरला आम्हाला जिल्हाधिकाऱ्यांना निवेदन द्यायचं होतं. साठ गावांच्या सह्या होत्या. वाटेतल्या एका चढावर गाडीनं मान टाकली. ॲक्सिलरेटर तळाला, आणि गाडी बैलगाडीच्या चालीनं. मागून आधी काळा आणि मग निळा धूर. बाराला पोचलो तेव्हा साहेब दौऱ्यावर निघून गेले होते. लातूरच्या एका गॅरेजवाल्यानं धूर बघूनच सांगितलं, "टर्बो गेला. नवा बसवा. शेवटचा हात कुणाचा लागला होता?"

हात आप्पांचा होता. मला तेवढं पुरे होतं. उदगीरला येईस्तोवर पत्रक तयार झालं. मथळा, 'जनतेच्या गाडीचा गळा कोणी घोटला?' मुद्दा दुसरा, 'भर दुष्काळात शेकडो लिटर शुद्ध पाणी दडवणारा मिस्त्री कोणाचा हस्तक?' चार कॅनचे शेकडो लिटर मीच केले. मुद्दा पाचवा, आमच्यावर निष्काळजीपणाचा आरोप कुणी करू नये म्हणून, 'आम्ही तर गाडीची इतकी काळजी घेतली की धुळीपासून रक्षणासाठी हवेच्या फिल्टरला आतून स्वतंत्र कापडी आवरणसुद्धा घातले होते!'

मंगळवारी पत्रक वाटलं. बुधवारी आप्पांच्या शेडपुढे एकही गाडी नव्हती. गुरुवारी तिथून जाताना पाहिलं, आप्पा मोकळ्या शेडमध्ये स्टुलावर बसून पाने पुसत होते. आधीच पुसलेले. चाळीस वर्षं ज्याच्या हाताला कुणी नाव ठेवलं नाही असा माणूस. मी मान फिरवली आणि स्वतःला सांगितलं, चळवळीत असं व्हायचंच.

शुक्रवारी सकाळी ते आमच्या कचेरीत आले. हातात गुलाबी कागद. चष्मा लावला, सगळं पत्रक मोठ्यानं वाचलं, अडखळत, पण एक अक्षर न गाळता. 'हस्तक' शब्दापाशी थांबले, माझ्याकडे बघितलं, पुढे वाचलं. आणि पाचव्या मुद्द्याला त्यांचा चेहरा उजळला.

"हे कुणी लिवलं?"

"मी," मी ताठ मानेनं म्हणाले.

"लई भारी लिवलंय. ह्या पत्रकात येवढी एकच गोष्ट खरी हाय. चल."

गाडी दारातच उभी होती. त्यांनी चार क्लिपा काढल्या आणि डब्यातून ते उपरणं ओढलं. निघतंय, निघतंय, आणखी निघतंय. विटकरी धुळीनं थापलेलं, पापडासारखं कडक. लाल अक्षरं तेवढी अजून वाचता येत होती. गफूरभाईंनी कपाळाला हात लावला. "या अल्ला! ताई, तुम्हीच गला दाबला ना गाडीचा!"

"हवा मिळंना म्हणून काळा धूर," आप्पा सांगत होते. माझ्याशी भांडण असल्यासारखं नाही, शिकवल्यासारखं. "टर्बो जीव खाऊन वढतोय, समोर हवा न्हाई. मग तो दांड्याच्या सीलातून तेलच वढून घेतो. ते जळलं की निळा." त्यांनी रबरी पाइप काढून आतलं तेल पुसलं, दोन बोटांनी दांडा हलवून पाहिला. "वाचला." नवी जाळी बसवली आणि गाडी चालू केली. थोडा वेळ धूर आला, मग स्वच्छ. त्यांनी डोळे मिटून आवाज ऐकला. मग किल्लीकडे माझा हात गेला, आणि सगळे एकदम ओरडले, "निल्लप्पा!"

मी म्हणाले, "आप्पा, उद्याच माफीचं पत्रक काढते. दोन हजार प्रती."

"नको गं माय. त्यात बी पाच मुद्दे घालशील." मग त्यांनी शिक्षा सांगितली. इथून पुढं गाडी कुठंही थांबली की ते एक मिनिट मी गाडीतच बसायचं. आणि तोंड बंद ठेवायचं. हसू नका. औशाच्या किल्ल्याजवळ सभेला माणसं जमलेली, माइक वाट बघतोय, आणि मी काचेआड गप्प बसलेय, हे एकदा करून बघा. त्या मिनिटात माझी कितीतरी वाक्यं विझली. ती विझली ते बरंच झालं.

उपरणं आप्पांनी शेडच्या दारावर टांगलं. ते बघायला लोक आले, येताना गाड्या घेऊन आले. मला वाटलं, फिटलं.

फिटलं नव्हतं. आप्पा मागच्या वर्षी गेले. त्यांच्या लिंगायत रीतीप्रमाणे त्यांना बसवून, फुलांनी सजवलेल्या पिकअपमधून नेलं. पिकअप त्यांच्याच गिऱ्हाइकाचं, टर्बो डिझेल. स्मशानभूमीच्या फाटकाशी गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं नाही. कुणीच पुढे झालं नाही. सगळा जमाव त्या आवाजात उभा राहिला. पूर्ण एक मिनिट. आणि त्या मिनिटात माझ्या मागे एक तरुण दुसऱ्याच्या कानाशी लागला, "हेच ना ते, दुष्काळात पाणी दडवून ठिवणारे?"

मी वळले. "कुणी सांगितलं तुला?"

"छापील हाय ताई. आमच्या घरी हाय ना कागद. गुलाबी."

आप्पांनी माफीचं पत्रक काढू दिलं नाही. आता अडवायला ते नाहीत, म्हणून हे लिहिलं. मुद्दे घातलेले नाहीत.

जिल्हा अजून झालेला नाही. तो मी सरकारकडे मागेन. तुमच्याकडे मागणं वेगळं आहे. घरातली ट्रंक उघडा, दुकानाची फळी झाडा, पोथीत घातलेले कागद बघा. ते गुलाबी पत्रक सापडलं तर फाडू नका. पाचव्या मुद्द्याखाली रेघ मारा, खालच्या माझ्या नावाभोवती गोल करा आणि देगलूर रोडवर, शेडच्या दारावर, उपरण्याशेजारी आणून लावा. गाडीनं याल तर पोचल्या पोचल्या किल्ली फिरवू नका. मिनिटभर बसा.