बिनविरोध

कुठल्याही शाळेत गेल्या की बाईंचा पहिला प्रश्न असायचा, "ग्रंथालयाची किल्ली कोणाकडे असते?"

मुख्याध्यापक पाणी मागवायचे, चहाचं विचारायचे, शाळेचा निकाल किती चांगला लागला ते सांगायचे. बाई खुर्चीच्या कडेला बसून, पर्स मांडीवर घट्ट धरून सगळं ऐकून घ्यायच्या आणि तोच प्रश्न पुन्हा विचारायच्या. उत्तरावरून त्यांना अख्खी शाळा कळायची. किल्ली शिपायाकडे असेल तर ग्रंथालय फक्त झाडायला उघडतं. हेडसरांच्या कपाटात असेल तर तपासणीला साहेब आले की उघडतं. "आमच्या ग्रंथपालांकडे," असं उत्तर आलं, की बाई पर्स खाली ठेवायच्या आणि म्हणायच्या, "चहा चालेल."

हे लिहिताना मला राग येतोय, आणि तो लपवायचा मी प्रयत्न करणार नाही. राग बाईंवर नाही. तो कोणावर आहे ते वाचता वाचता तुम्हाला कळेलच, आणि त्यात माझंही नाव येईल.

मी सांगलीकडचा. नोकरी लागली म्हणून पनवेलला आलो, कामोठ्यात भाड्याने खोली घेतली आणि नवीन पनवेलच्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून रुजू झालो. बाई जुन्या पनवेलातल्या शाळेत वीसेक वर्षं ग्रंथपाल होत्या. जिल्ह्यात नवा ग्रंथपाल लागला असं कानावर आलं की त्याला भेटायला जायचं, हे काम त्यांनी स्वतःच स्वतःवर घेतलेलं. माझ्याकडे त्या पहिल्याच आठवड्यात आल्या. किल्ली क्लार्ककडे होती. दार उघडलं तर आत मोडकी बाकडी छतापर्यंत रचलेली आणि त्यांच्यामागे कुठेतरी पुस्तकांची कपाटं. मी दारातच थबकलो. बाईंनी पदर खोचला आणि पहिल्या बाकड्याला हात घातला.

"तू ग्रंथपाल ना रे? मग उभा काय राहिलास? तिकडनं धर."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी "तू" झालो. परक्या गावात मला एवढ्या हक्काने कोणी हाक मारली नव्हती.

बाई विचुंब्याच्या. घरची भातशेती होती, ती गेली, आणि तिथे इमारती उभ्या राहिल्या. भावाच्या घरात तळमजल्यावरच्या दोन खोल्यांत त्या एकट्या राहायच्या. लग्न केलं नव्हतं, का ते मी विचारलं नाही. शाळेत त्यांची भाषा अगदी पुस्तकी, स्वच्छ असायची. पण संतापल्या की गावची बोली वर यायची. "नाय" आणि "हाय" ऐकू यायला लागलं की त्यांच्या शाळेतले शिक्षक आपापल्या वर्गाकडे वळायचे.

मुलांवर मात्र त्या कधी चिडल्या नाहीत. एकदा एका मुलीने परत केलेल्या पुस्तकात आमटी सांडलेली होती. मी असतो तर दंड केला असता. बाईंनी पान उन्हात धरलं, डाग बघितला आणि म्हणाल्या, "जेवताना वाचत होतीस? छान. आता दुसरं ने."

आता संघटनेबद्दल सांगतो. जिल्ह्यातल्या शाळांच्या ग्रंथपालांची आमची एक संघटना आहे. तिचे अध्यक्ष इतकी वर्षं अध्यक्ष आहेत, की ते कधीकाळी ग्रंथपाल होते हे बहुतेकांना माहीतही नाही. पुढे ते एका शिक्षणसंस्थेच्या कार्यकारिणीवर गेले, गाडी आली, लोक साहेब म्हणायला लागले. दर वर्षी सर्वसाधारण सभेत ते एक वाक्य बोलायचे, "आपल्या संघटनेत आजवर निवडणूक झाली नाही. सगळं बिनविरोध, घरच्यासारखं." आणि आम्ही टाळ्या वाजवायचो. त्या टाळ्या आठवल्या की आज अंगावर काटा येतो. कारण टाळ्या वाजवणाऱ्यांतल्या निम्म्यांना शाळेत क्लार्कचं काम करावं लागत होतं. कोणी दाखले लिहीत होतं, कोणी गैरहजर शिक्षकांचे तास घेत होतं. ग्रंथालयांना कुलपं होती. दर वर्षी त्यावर ठराव व्हायचा, तो मंजूर व्हायचा, आणि मग जेवण.

बाई सुट्ट्यांत एसटीने जिल्हा फिरायला लागल्या. उरण, पेण, खालापूर. हातात शाळकरी वही. शाळेचं नाव, किल्ली कोणाकडे, खोलीत काय आहे. एका शाळेच्या ग्रंथालयात तांदळाची पोती होती, एका ठिकाणी चक्क मुख्याध्यापकांची मोटारसायकल. ते सांगताना बाई आधी हसल्या, मग त्यांचं हसू विरलं.

पळस्प्याजवळच्या एका शाळेत त्यांना नसरीन भेटली. लायब्ररीची पदवी घेतलेली, हुशार मुलगी, पण लागल्या दिवसापासून ऑफिसात पगारपत्रकं करत बसलेली. तिच्या ग्रंथालयात गणवेशाचे गठ्ठे ठेवलेले होते. बाईंनी विचारलं तेव्हा ती म्हणाली होती की आपण कधी कुणाला पुस्तक दिलेलंच नाही. हे मला सांगताना बाईंची भाषा बदलली. "चार वर्षं झाली तिला. चार वर्षांत एक पुस्तक नाय दिलं तिनं. याला नोकरी म्हणतात काय?"

त्या वर्षी सभेत बाई उभ्या राहिल्या आणि विचारलं, मागच्या ठरावानंतर किती ग्रंथालयं उघडली. अध्यक्ष हसले आणि म्हणाले, "ताई, बसा, जेवण थंड होतंय." सभागृह हसलं. बाई बसल्या. पण आठवड्याभरातच त्यांनी मला शाळेत बोलावून घेतलं आणि अध्यक्षपदाचा अर्ज समोर ठेवला. कार्यकारिणीची मुदत संपत आली होती आणि त्या उभ्या राहणार होत्या. त्यांना खुर्ची नको होती. अध्यक्षाच्या सहीने शिक्षणाधिकाऱ्यांकडे पत्र गेलं तर त्याला उत्तर द्यावं लागतं, एवढंच त्यांना हवं होतं. वहीतल्या प्रत्येक शाळेसाठी एक पत्र, असा त्यांचा हिशेब.

अनुमोदक म्हणून नसरीनने सही केली होती. सूचकाची जागा रिकामी होती.

"सूचक तू हो," बाई म्हणाल्या.

मी सही केली. ऐटीत केली. घरी फोन करून आईलाही सांगितलं.

चार-पाच दिवसांनी मला आमच्या शाळेच्या संस्थेच्या सचिवांनी बोलावलं. तिथे संघटनेचे अध्यक्षही बसले होते. सचिवांनी गावाकडची चौकशी केली, आईची तब्येत विचारली. टेबलावर एक फाईल होती, तिच्यावर माझं नाव. मला नोकरीत कायम करण्याचा प्रस्ताव होता तो. सचिव फाईलवर नुसते बोट फिरवत राहिले. मला कोणी धमकी दिली नाही, आवाज चढवला नाही. मग एक टाईप केलेलं पत्र पुढे आलं. "माझी सही गैरसमजातून घेतली गेली असून मी ती मागे घेत आहे." अध्यक्षांनी स्वतःचं पेन काढून दिलं.

चहा यायच्या आत माझी सही झाली होती.

छाननी दोन दिवसांनी होती. त्या दोन दिवसांत बाईंचा मला फोन आला. छाननीला येशील ना, असं त्यांनी विचारलं. मी "बघतो" म्हणालो. एवढंच म्हणालो. सांगायला एक वाक्य पुरलं असतं, आणि ते वाक्य माझ्या तोंडून निघालं नाही. अध्यक्षांचा राग मला येतो, सचिवांचा येतो, पण त्या "बघतो"चा जितका येतो तितका कशाचाच येत नाही.

छाननीच्या खोलीत काय झालं ते मला नसरीनने नंतर सांगितलं. निवडणूक अधिकारी म्हणून अध्यक्षांचेच एक निवृत्त मित्र बसले होते. त्यांनी माझं पत्र वाचून दाखवलं. बाईंनी ते हातात घेतलं, खालची सही बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "सही त्याचीच हाय." मग त्यांनी विचारलं, सूचकाने सही मागे घेतली तर अर्ज बाद होतो, हे कुठल्या नियमात लिहिलंय. नियमांची प्रत या क्षणी इथे नाही, असं उत्तर मिळालं. बाईंनी दुसरा सूचक आणायला एक तास मागितला. वेळ संपली होती. अर्ज बाद झाला.

संध्याकाळी संघटनेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अध्यक्षांचा हार घातलेला फोटो आला. साहेबांची बिनविरोध फेरनिवड. खाली अभिनंदनांची रांग लागली. त्या रांगेत मीही "हार्दिक अभिनंदन" लिहिलं. कोणी लिहायला लावलं नव्हतं.

पुढच्या सभेत बाई आल्या. मला वाटलं होतं येणार नाहीत. आयत्या वेळच्या विषयात त्या माईकपाशी गेल्या, वही उघडली आणि वाचायला लागल्या. शाळेचं नाव, किल्ली कोणाकडे, खोलीत काय. अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवलं. बाई वाचत राहिल्या. माईक बंद झाला. बाई वाचत राहिल्या. अध्यक्ष उठून जेवणाकडे गेले, आणि मग खुर्च्या सरकल्या आणि लोक उठायला लागले. ज्यांच्या शाळांची नावं त्या वाचत होत्या तीच माणसं ताटं घेऊन रांगेत उभी राहिली. बाहेर पुऱ्या तळल्याचा वास येत होता आणि आत एक बाई रिकाम्या खुर्च्यांना वाचून दाखवत होती. शेवटी आम्ही सात-आठजण उरलो असू. माझ्या शाळेची नोंद आली तेव्हा मी मान खाली घातली. बाईंनी ती त्याच आवाजात वाचली. "किल्ली ग्रंथपालाकडे. ग्रंथालय रोज उघडतं." आणि पान उलटलं.

नंतर मी विचुंब्याला त्यांच्या घरी गेलो. काय बोलायचं ते वाटेत रिक्षात दहादा घोकलं होतं. बाईंनी दार उघडलं, आत घेतलं, चहा ठेवला. मी माफी मागायला लागलो तेव्हा त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

"तुमी घाबरलात, ते मला समजतं. नोकरी हाय, घर हाय. सही मागं घेतलीत त्याचा राग नाय. पण मी फोन केला तेव्हा सांगितलं असतंत, तर मी दुसरी सही आणली असती. दोन दिवस होते माझ्याकडं."

त्यांनी कपात चहा ओतला, बिस्किटं पुढे केली. चहा निम्मा झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की त्या मला "तुम्ही" म्हणत होत्या. पुढे कितीतरी वेळा भेटलो, बोललो, कामं केली. "तू" त्यांच्या तोंडून पुन्हा आलं नाही.

त्या सभेनंतर त्यांच्या शाळेने त्यांना प्रवेशाच्या खिडकीवर बसवलं. ग्रंथालयाला कुलूप लागलं. बाईंनी अर्ज केले, स्मरणपत्रं दिली, आणि उत्तर येईपर्यंत रोज मधल्या सुट्टीत घरच्या कपाटातली पुस्तकं पिशवीतून आणून खिडकीतूनच वाटायला सुरुवात केली. दाखले घ्यायला आलेले पालक बघत राहायचे. वर्षभराने शाळेने कंटाळून त्यांना ग्रंथालयात परत पाठवलं. पळस्प्याला नसरीनने एका रविवारी गणवेशाचे गठ्ठे स्वतः उचलून ऑफिसच्या दारात नेऊन ठेवले, आणि सोमवारी पहिलं पुस्तक दिलं. आणखी तीन-चार शाळांची दारं उघडली. संघटनेने यातलं एकही उघडलं नाही.

मी कायम झालो. तेही सांगून टाकतो.

बाई निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांतच आजारी पडल्या. गेल्या वर्षी गेल्या. दवाखान्यात मी भेटायला गेलो होतो तेव्हा त्यांनी माझ्या आईची चौकशी केली आणि म्हणाल्या, "तुम्ही उशीर करू नका, तुम्हाला लांब जायचंय."

संघटनेने शोकसभा घेतली. सभागृह तेच, अध्यक्ष तेच. त्यांनी बाईंच्या फोटोला हार घातला आणि डोळे पुसत सांगितलं, की बाई संघटनेचा आधारस्तंभ होत्या, आणि इतक्या वर्षांत आमच्यात कधी मतभेद म्हणून झाला नाही.

मी उठून उभा राहिलो. मी म्हणालो की मतभेद होता, बाईंनी अर्ज भरला होता, आणि तो बाद झाला कारण मी या साहेबांच्या पेनाने सही मागे घेतली. अध्यक्ष मायेने म्हणाले, "जाऊ द्या, आज दिवस तो नाही." दोन मिनिटं शांतता पाळायला सगळे उभे राहिले, आणि मी आधीच उभा होतो.

लोक पांगल्यावर पायऱ्यांवर नसरीनने मला गाठलं. आता तिचे केस कानाजवळ पांढरे झालेत. मला वाटलं, बोललात ते बरं केलंत असं काहीतरी ती म्हणेल.

"सर, यंदा अध्यक्षपदाला मी अर्ज भरतेय," ती म्हणाली. "तुम्हाला आधी सांगून ठेवते. सूचक म्हणून तुमची सही नकोय मला."

तिच्या आवाजात राग नव्हता. बाहेर रिक्षा थांबली होती, तिने रिक्षावाल्याला पळस्प्याला येणार का विचारलं आणि आत बसली.