घर खाली करायचा खेळ

भाईंदरच्या आमच्या घरात बाबा सहसा नुसते बाबा नसायचे. आम्ही दोघी बहिणी टीपॉय उलटा करून त्याची होडी करायचो आणि उत्तनला मासे धरायला निघायचो, तेव्हा दिवाणावर पडलेले बाबा समुद्र व्हायचे. पांघरुणाखाली पाय हलवून लाटा काढायचे. पाहुणे यायची वेळ झाली म्हणून आई ओरडायची, तर भरती ओसरू दे, म्हणायचे.

गिरगावातली खोली सोडून त्यांनी हे घर घेतलं होतं. आई गेल्यावर मी आणि नवरा मुलीला घेऊन त्यांच्याकडेच राहायला आलो. मुलीलाही ते तसेच मिळाले. कधी पेशंट, कधी भाजीवाले, एकदा तर सबंध दुपार वाघ.

मागच्या वर्षी इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट झालं. माणसं हातोडीनं खांब ठोकून गेली आणि काही आठवड्यांनी गेटवर नोटीस लागली, की इमारत धोकादायक आहे, खाली करा. मुलीसमोर हा विषय काढायचा नाही असं आम्ही ठरवलं होतं. पण दोन खोल्यांत काय लपणार?

एका रविवारी मी स्वयंपाक करत होते. ती लाटणं घेऊन भिंती ठोकत हिंडत होती. मग तिनं बाहुल्यांना आणि कापडी अस्वलाला उठवून दाराशी ओळीनं बसवलं. मला हसूच आलं. शेवटी ती बाबांपुढे उभी राहिली. तुमचीही खोली धोकादायक निघाली, असं तिनं त्यांना सांगितलं आणि बरोबर काय घेणार ते विचारलं. बाबांनी चष्मा घेतला, औषधाचा डबा घेतला, दारापर्यंत गेले. आता चपला घाला, ती म्हणाली. तेव्हा ते मागे फिरले आणि दिवाणावर येऊन बसले.

"मी नाही जात."

"असं नसतं, आजोबा. नोटीस आली की जायचंच असतं."

"पण कुठे जायचं?"

हे तिनं ठरवलेलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. तोवर बाबा रडायला लागले होते. तिला ते खेळातलं रडणं वाटलं. बाहुलीची समजूत काढते तशी ती त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिला कळलं, आणि ती घाबरून माझ्यामागे येऊन उभी राहिली.

पुढे आम्ही काशिमीऱ्याला भाड्यानं राहायला आलो. बाबांनी कुरकुर केली नाही. सोसायटीत दोन गट पडलेत, नव्या इमारतीचं काम अडकलंय. बाबा दिवसभर टीव्हीसमोर बसतात. मुलगी त्यांना खेळायला बोलवत नाही. त्यांना परत रडू येईल, असं तिनं मला एकदा हळूच सांगितलं. बाबांना वाटतं, ती आता मोठी झाली.

परवा भाजी घेऊन येत होते, तर वरच्या जिन्यात ती नव्या मैत्रिणीशी बोलताना ऐकू आली. रोज खेळायला येशील ना, असं ती मुलगी विचारत होती.

"पता नहीं," माझी मुलगी म्हणाली. "हम लोग इधर थोड़े दिन ही हैं."

असं तिला आम्ही कुणी सांगितलेलं नाही. मी पिशव्या घेऊन खालीच थांबले. वर जाऊन, तसं काही नाही गं, असं तिला म्हणायचं माझ्या जिवावर आलं.