थोडा उजेड वाढव

माझ्या नवऱ्याचं आयुष्य मालवाहू बोटींवर गेलं. नोकरी संपवून ते रत्नागिरीला कायमचे आले, ते डोळ्यांत काचबिंदू घेऊनच. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळायची. थेंब मी स्वतः घालायची, एकही वेळ चुकवली नाही. तरी कडेचं दिसणं कमी कमी होत गेलं.

पहाटे भाट्याच्या किनाऱ्यावर फिरायचं, एवढीच त्यांची हौस. एकदा वर ओढून ठेवलेल्या होडीच्या दोरात पाय अडकून ते तोंडावर पडले. लोकांनी उचलून बसवलं, त्याचीच त्यांना जास्त लाज वाटली. घरी आल्यावर म्हणाले, "आता तू जात जा. फोटो काढून आण."

मी कधी फोटो काढले नव्हते. आमच्याकडे सूर्य समुद्रातून वर येत नाही. तो पाठीमागून, सुरूच्या बनावरून येतो. आधी समोरच्या डोंगरावरचं दीपगृह उजळतं, मग परतणाऱ्या होड्या, पाणी सगळ्यांत शेवटी. तेवढ्यात मिळेल तो फोटो मी काढायची आणि घरी येऊन टॅबवर दाखवायची. ते टॅब अगदी नाकाशी धरायचे.

"काळोखच आहे गो सगळा. थोडा उजेड वाढव."

मुंबईच्या लेकीने फोनवरून शिकवलं. उजेड कुठे वाढवायचा, काळं-पांढरं ठळक कसं करायचं, नको तो भाग कसा कापायचा. पहिल्यांदा जमलं तेव्हा त्यांनी बोट ठेवून दीपगृह दाखवलं, होड्या दाखवल्या. त्या दिवशी पोटभर जेवले.

पण महिना-दोन महिन्यांनी तेवढा उजेड पुरेना. मी आणखी वाढवला. आकाश सरबतासारखं केशरी झालं, पाणी शाईसारखं निळं. ते एकदा म्हणाले, "असला रंग भाट्याला कधी नसतो." मी उजेड न वाढवलेला मूळ फोटो पुन्हा लावला. बराच वेळ पाहून ते हळूच म्हणाले, "नको, तोच भडक दे."

नंतर अख्खा फोटो त्यांच्या नजरेत मावेना. मी कापत कापत एकच होडी ठेवली. पुढे तिचीही नुसती डोलकाठी.

दिवाळीनंतरच्या एका सकाळी उजेड वाढवता वाढवता फोटो जवळजवळ पांढरा झाला. मलाच त्यात काही ओळखू येत नव्हतं. त्यांनी टॅब डोळ्यांसमोर धरला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला.

"चालू आहे ना हा?"

"चालू आहे."

त्यांनी टॅब माझ्या हातात दिला. "उद्यापासून नको जाऊस."

तरीही मी गेले. म्हटलं, बघून तोंडाने सांगेन. पण मला ते येत नाही. "होड्या आल्यात. पाणी ओसरलंय. ऊन पडलंय," एवढं सांगून माझे शब्द संपले. कुठली होडी, वारा कुठून, लाटांचा रंग कसा, ते विचारत गेले आणि प्रत्येकाला मी "बघितलं नाही" म्हणत गेले.

"राहू दे," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता.

आता ते सकाळी लवकर उठत नाहीत. उठले तरी कुशीवर भिंतीकडे तोंड करून पडून असतात. मला सवयीने जाग येते. मी चहा टाकते, त्यांना हाक मारते. कधी ओ देतात, कधी देत नाहीत. चहा निवतो, मी पुन्हा गरम करते.