भोंगा ऐकल्याशिवाय

धरणाचे दरवाजे चालवणाऱ्या त्या माणसाला सगळं गाव जावई म्हणायचं. लग्नानंतर तो बायकोच्याच गावात राहिला, त्यामुळे त्याची थट्टा करायला लहानथोर सगळेच मोकळे. "काय जावई, रुसलात का?" असं कुणीही विचारावं आणि त्याने एक शिवी हासडावी, हा रोजचा खेळ. शिव्या द्यायला तो अजिबात कंजूष नव्हता.

त्यातल्या निम्म्या शिव्या फोनवर खर्च व्हायच्या. धरणाखाली नदी सरहद्द ओलांडून दुसऱ्या सरकारच्या मुलखात शिरते. तिकडच्या पहिल्याच गावात एक भोंगेवाला होता. दोन्ही सरकारांचा करार असा, की दरवाजा उघडण्याआधी वरच्याने फोन करायचा आणि खालच्याने भोंगा वाजवून पात्र मोकळं करायचं. पण पूर्वी एकदा खालून कुणीतरी आळसाने नुसतंच "वाजवला" म्हणून सांगितलं, वरच्याने पाणी सोडलं, आणि कपडे धुणाऱ्या बायका वाहून गेल्या. म्हणून या दोघांनी आपला वेगळा नियम केला. भोंगेवाल्याने फोन भोंग्यापाशी धरायचा, जावयाने आवाज स्वतःच्या कानाने ऐकायचा, आणि मगच दरवाजा उघडायचा. दोघे कधी भेटले नव्हते. "तुझं थोबाड बघायची मला हौस नाही," असं एकमेकांना सांगायचे, आणि पाणी सोडायचं नसलं तरी फोन करून तासन्‌तास भांडायचे.

त्या वर्षी दोन्ही सरकारांचं बिनसलं. नद्यांच्या समितीची बैठकच झाली नाही. वर किती पाऊस पडतोय हे खाली कुणी कळवेना, आणि खाली पात्रात काय काम चाललंय हे वर कुणी विचारेना. मोठ्या माणसांचे रुसवे, दुसरं काय! डोंगरात पाऊस कोसळला, धरण फुगलं, आणि भरदुपारी पाणी मागे चढत जावयाच्या गावात घुसलं. वीज गेली होती. आता दरवाजा उघडायचा तर लोखंडी दांडा लावून हातानेच फिरवावा लागणार होता.

त्याने फोन केला.

"उघडू नकोस!" भोंगेवाला किंचाळला. "भोंग्याची मोटर जळालीय. बांधाच्या कामावरची सगळी माणसं पात्रात आहेत. हाताने फिरवायचा भोंगा गोदामातून आणतो. फोन ठेवू नकोस."

"पळ, मेल्या!" जावई म्हणाला.

तेवढ्यात धरणावरच्या त्याच्या खोलीच्या दाराला लाथ बसली. पुढे मेव्हणा, हातात काठी, मागे चिखलाने माखलेलं गाव. त्या गर्दीत त्याची बायकोही होती.

"उघड," मेव्हणा म्हणाला.

"भोंगा वाजू दे."

"आई माळ्यावर अडकलीय. गल्लीत गळ्याएवढं पाणी आहे, पोहणारे परत फिरले. मातीच्या भिंती आहेत, जावई. उघड!"

सासूने जावयाला कधी परका मानलं नव्हतं. त्याच्या शिव्यांना मनापासून हसणारी ती एकटीच.

"खाली माणसं आहेत रे," तो म्हणाला.

"ती त्यांची माणसं!"

काठी कानावर बसली. फोन हातातून उडाला. दुसरा तडाखा दुसऱ्या कानावर आला, तिसऱ्याने दात तुटला. कुणीतरी पोटात लाथ घातली. काल ज्यांनी थट्टा केली होती, तेच आज गुद्दे घालत होते. जावई रांगत खिडकीपाशी गेला, दांड्याला दोरी अडकवून त्याने तो बाहेर पाण्यावर लोंबकळत सोडला आणि दोरी मुठीत धरली.

"पुढे याल तर सोडून देईन," तो रक्त थुंकत म्हणाला. "मग बसा नखांनी दरवाजा उकरत."

गर्दी थबकली. मग दारातून दगड यायला लागले. एक कपाळावर बसला, एक दोरीच्या हातावर. बोटं मोडली, पण मूठ सुटली नाही.

"वाजला! भोंगा वाजला!" लोक ओरडायला लागले.

त्यांची तोंडं हलताना त्याला दिसत होती, शब्द ओठांवरून कळत होते. कानात मात्र एकच घूं घूं भरली होती, थेट भोंग्यासारखी. हा भोंगा की मार, हे त्याचं त्यालाच कळेना. तो घाबरला, मरणाला घाबरला नसता इतका.

खाली पडलेला फोन बायकोने उचलून कानाला लावला होता. त्याने तिच्याकडे पाहिलं. माळ्यावर तिचीच आई होती. एकदा मान डोलावली असती, तर त्याने दांडा आत ओढला असता.

तिने नकारार्थी मान हलवली.

मेव्हण्याने तिच्या मुस्काटात मारली. ती भिंतीवर आदळली, पण फोन कानापासून हलू दिला नाही. पुन्हा दगड, पुन्हा लाथा. कितीतरी वेळाने तिचा चेहरा बदलला. तिने त्याच्याकडे पाहून मान डोलावली, आणि मग तोंड झाकून रडायला लागली.

मोडक्या बोटांनी त्याने दोरी ओढली. ज्यांनी मारलं, त्यांनीच त्याच्याबरोबर दांडा फिरवला.

खाली पात्र रिकामं झालं होतं. एकही माणूस गेला नाही. वर मातीची भिंत दरवाजा उघडण्याआधीच बसली होती. सासू ढिगाऱ्याखाली सापडली.

मग दोन्ही सरकारांची समिती धावतपळत बसली. दरवाजा चालवणाऱ्याने भोंगा फोनवर ऐकलाच पाहिजे, हे करारात आलं. जावयाचे दोन्ही कान तोवर कायमचे गेले होते. आता फोन बायको घेते, ती मान डोलावते, तो दांडा फिरवतो. मेव्हणा बहिणीशी बोलत नाही. त्या पहिल्या नकाराबद्दल नवराबायकोही बोलत नाहीत. ती एकटी रडते तेव्हा तो शेजारी जाऊन बसतो, एवढंच.

एके दिवशी एक टकला, बुटका माणूस सरहद्द ओलांडून आला आणि दारात उभा राहून हातवारे करत बोलत सुटला. बोलता बोलता त्याचे डोळे भरून आले.

"कोण हो तुम्ही?" जावयाने विचारलं. "मला ऐकू येत नाही."

बायको उठली, तिने टेबलावरचा फोन उचलला आणि पाहुण्याच्या कानाला लावला.

जावई बघतच राहिला. मग त्याने ते थोबाड दोन्ही हातांत धरलं आणि आपली ठेवणीतली शिवी दिली. भोंगेवाला हसला. त्यानेही उलट शिवी दिली असणार. ती काही जावयाला ऐकू आली नाही.