एक वाजताचा मोबाईल

मोबाईलला हात लावण्याआधी आक्का उजव्या हाताचं बोट पदराला पुसत. एकदा, दोनदा. नखात बसलेली माती काही निघत नसे. तरी पुसत, आणि मग काचेवर बोट टेकवून म्हणत, "थांब रं. मागं जा जरा." हे त्या व्हिडिओतल्या माणसाला सांगत.

तुमच्याही ओळखीत एखादं श्रीमंत माणूस असेल. ते दुपारी काय करतं, हे आपल्याला बहुधा माहीत नसतं. मला एकीचं माहीत आहे, म्हणून लिहिते.

देवळाली प्रवराच्या बाजूला आक्कांच्या तीन नर्सऱ्या. मोसंबीची रोपं ट्रकनं परराज्यात जात. दारात दोन गाड्या, पुण्यात मुलाचा बंगला. माझी आई तिथं डोळे बांधायला जाते. म्हणजे जंबेरीच्या, त्या जंगली लिंबाच्या, रोपाच्या सालीला चीर द्यायची, तिच्यात मोसंबीचा एक डोळा, फांदीवरची फुटव्याची कळी, बसवायचा आणि वरून प्लास्टिकची पट्टी गुंडाळायची. सुट्टीला मीही पिशव्यांत माती भरायला जायचे, म्हणून आक्का मला जवळून दिसल्या.

एक ते दोन जेवणाची सुट्टी. आक्का शेडमध्ये बायकांसोबतच जेवायला बसत, मोबाईल पाण्याच्या जारला टेकवून ठेवत आणि व्हिडिओ लावत. फक्त कामाचे नव्हेत. हौदात पडणारी मांजर, परातीएवढी जिलेबी, सगळं. मांजर पडली की इतक्या हसत की हातातला घास खाली ठेवावा लागे. एकदा पुण्याहून आलेला मुलगा म्हणाला, "आई, किती वेळ वाया घालवतेस."

"माजा वेळ हाय," आक्का म्हणाल्या. "माज्याच रानात पिकलाय."

श्रीरामपूरला आमच्या कॉलेजच्या कँटीनमध्ये एकदा यावरूनच वाद झाला. वर्गातला एक मुलगा ठामपणे म्हणाला, "श्रीमंत लोक व्हिडिओ बघत बसत नाहीत. आपण बघतो, म्हणून आपण असे." मला उत्तर माहीत होतं. पण ते सांगायचं तर मला कसं माहीत, हेही सांगावं लागलं असतं. आई नर्सरीत सुपरवायझर आहे, असं मी पहिल्या वर्षी सगळ्यांना सांगून बसले होते. आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच. तसं का सांगितलं, ते अजूनही मला नीट सांगता येत नाही. मी चहा पीत राहिले.

त्याच आठवड्यात आक्कांनी डोळा बांधायचा एक व्हिडिओ लावला. टोपी घातलेला एक माणूस पट्टी वरून खाली गुंडाळत होता. आक्कांनी बोट पुसलं. "थांब रं. मागं जा." पुन्हा बघितलं. "बघा गं, वरनं खाली. पानी सरळ आत शिरंल, डोळा कुजंल." मग माझ्याकडे वळल्या. "ह्याला एवढी लोकं बघत्यात. तुज्या आईला कोन बघतं? आपन हिचा काढू."

आई म्हणाली, "मला नगं बाई. तुमीच बसा म्होरं. नर्सरी तुमची हाय."

"नर्सरी माजी, हात तुजा. मलाबी येतं, पन तुज्यावानी न्हाई. आन तोंड काय झाकतीस? चोरी केली का?"

आक्कांनी मोबाईल नेहमीसारखाच जारला टेकवला, काच आमच्याकडे. मी म्हटलं, "आक्का, मागच्या कॅमेऱ्यानं चांगलं येतं."

"आन मग मला दिसायचं कसं?"

आईनं पट्टी दातात धरली, चीर दिली, डोळा सरकवला, पट्टी खालून वर गुंडाळली. आक्का बाजूला बसून काचेत बघत होत्या. एकदाही त्यांनी मागं जायला सांगितलं नाही.

"आता खाली हिचं नाव लिही," मला म्हणाल्या. मी लिहिलं. "आन काय करती त्ये." माझा अंगठा थांबला. आक्कांनी थोडी वाट बघितली. "काय अवगड हाय त्यात? डोळे बांधनारी. लिही."

लिहिलं. आईनं ते मला दोनदा वाचायला लावलं.

तो व्हिडिओ वर्गाच्या ग्रुपवर टाकायला मला दोन दिवस लागले. कँटीनमध्ये तोच मुलगा म्हणाला, "काय हात चालतो गं. कोण आहे ही?"

"माझी आई. डोळे बांधते."

"तू तर सुपरवायझर म्हणाली होतीस."

"खोटं बोलले होते."

त्यानं व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून लावला. मग मीच म्हणाले, "आणि हा व्हिडिओ ज्यांनी काढायला लावला, त्या तीन नर्सऱ्यांच्या मालकीण आहेत. रोज तासभर व्हिडिओ बघतात. मांजरीचेसुद्धा." आवाज जरा मोठा झाला असावा, कारण शेजारच्या टेबलावरचे वळून बघायला लागले. मी तो कमी केला नाही.

या हिवाळ्यात आक्का गेल्या. एक वाजता आता आईचा मोबाईल जारला टेकवलेला असतो. अधूनमधून बायका तोच व्हिडिओ लावायला सांगतात. आक्का त्यात नाहीत, असं मला आधी वाटायचं. पण आई तो शेवटपर्यंत बघते. पट्टीची गाठ बसते, आई मान वर करते. कडेला हिरव्या पदराचं टोक हलतं. एकदा, दोनदा. मग नखात माती असलेलं एक बोट हळूहळू जवळ येतं, मोठं होतं, आणि व्हिडिओ संपतो.